मुलांवर नजर कोणाची? गोव्यातलं बालपण कसं बदललं

जूनमध्ये आमच्या शाळेत पालकसभा झाली. डिचोली तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, चारही वर्ग मिळून तेवीस मुलं. विषय एकच होता, मुलांच्या हातातला मोबाइल. पण दहा मिनिटांत सभा भलतीकडेच वळली. एका मुलाचे आजोबा उठून म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही दिवसभर माळावर असायचो. पोर कुठे आहे असं कोणी विचारत नव्हतं. तरी आम्ही बिघडलो नाही." त्यावर मागे बसलेली एक तरुण आई म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी मास्तर छडीने हात सुजवायचे, तेही कोणी विचारत नव्हतं." मग कोणी इंग्रजी माध्यमाचं काढलं, कोणी रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांचं. एका बाबांचं म्हणणं, हल्ली पोटच्या पोराला ओरडायचीही चोरी झाली आहे. सभा संपली तेव्हा मोबाइलबद्दल काहीच ठरलं नव्हतं.

मी त्या शाळेत शिकवते. त्या संध्याकाळी घरी जाताना सारखं वाटत होतं की आजोबा खरं बोलत होते आणि ती आईही खरंच बोलत होती. मग दोघं भांडत कशावर होते? मोबाइल, माध्यम, छडी, वयाची अट हे वाद टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर वेगवेगळे चालतात. मला ते एकाच झाडाला लागलेले दिसतात. मुलावर नजर कोणी ठेवायची आणि त्याला किती मोकळं सोडायचं, या एका प्रश्नाचं जुनं उत्तर आता चालेनासं झालं आहे आणि नवं उत्तर अजून बसलेलं नाही. हे कसं घडलं, ते मला समजलं तसं सांगते.

मूल किती वर्षांचं असतं?

मूल जन्माला येतं, वाढतं, हे निसर्गाचं काम. पण किती वर्षांपर्यंत त्याला मूल म्हणायचं, कामाला कधी लावायचं, लग्न कधी करायचं, चुकलं तर शिक्षा कोणती, हे समाज ठरवतो आणि दर पिढीत बदलतो. यावरचा सगळ्यात कडाक्याचा वाद मराठीतच झाला आहे.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. जाणत्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला आणि तो चार वर्षं गाजला. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन वैद्यकी शिकल्या आणि परत येऊन डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. या वादाच्या धगीतच १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ झालं. होय, दहावरून बारा. एवढ्याशा बदलावरून पुणं पेटलं होतं. टिळकांचा मुद्दा असा की परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात कायद्याने हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य, त्यामुळे इथे तो लागू नव्हता. पण आमच्या पालकसभेतला वाद ऐकताना मला तोच वाद ऐकू येत होता. मूल हा घरचा मामला, की घराबाहेरच्यांनाही त्यात बोलायचा अधिकार आहे?

पुढे भारतीय दंड विधानात हे वय १६ झालं आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून राखणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते १८ वर नेलं. म्हणजे आज १८ वर्षांखालच्या मुलामुलीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नाही. सतरा वर्षांच्या दोघांचं प्रेम असेल आणि घरच्यांनी तक्रार केली, तर मुलगा गंभीर गुन्ह्यात अडकतो. म्हणून वय पुन्हा १६ करावं असं काही वकील आणि कार्यकर्ते म्हणतात. २०२३ साली विधी आयोगाने वय १८ च ठेवा असा सल्ला दिला, मात्र १६ ते १८ मधल्या अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना तारतम्य वापरू द्या, असंही सुचवलं. मला हा मधला रस्ता पटतो. वय खाली आणलं तर त्या मुलांच्या आडून मोठी माणसंही सुटतील, ही भीती खोटी नाही.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण कायद्यांत वयं वेगवेगळी आहेत. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालमजुरीच्या कायद्यात १४ पर्यंत कामावर ठेवायला बंदी आणि १४ ते १८ मध्ये धोक्याच्या कामाला बंदी. लग्नाला मुलीसाठी १८, मुलासाठी २१. अतिगंभीर गुन्हा केला तर १६ वर्षांच्या मुलावरही मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. हा सरकारचा गोंधळ नाही. प्रत्येक कायदा वेगळ्या संकटापासून मुलाला राखतो आणि मूल सगळ्या संकटांना एकाच दिवशी सामोरं जायला तयार होत नाही. सायकल पाचव्या वर्षी येते, पैशाचा व्यवहार दहाव्या, दुसऱ्याचा डाव ओळखणं कितीतरी उशिरा. घरातही आपण हेच करतो, कात्री देतो पण कोयता देत नाही.

वाडा बघत असायचा

माझं बालपण सत्तरी तालुक्यात गेलं, ऐंशीच्या दशकात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दोन दिवस आम्हा मुलांना माटोळीचं सामान आणायला पाठवायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली फळं आणि शेंगा बांधतात. कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे कात्रे. आम्ही सात-आठ जण, सगळ्यात मोठा बारा वर्षांचा. पाऊस चालूच असायचा. ओहोळ भरला तर कुठून ओलांडायचा, कुठल्या वेलीला हात लावायचा नाही, कवंडळ दिसायला लालबुंद पण तोंडात घालायचं नाही, हे सगळं आम्हाला मोठ्या मुलांनी शिकवलं होतं आणि पुढे आम्ही आमच्या मागच्यांना शिकवलं. आईवडील बरोबर नसत. पण आम्ही एकटेही नसायचो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी फिरवणारा कोणी, गुरं घेऊन निघालेली कोणी काकी, सगळे आम्हाला ओळखत होते. चुकीच्या वाटेला लागलो की लांबून हाक यायची, "हांव तुज्या घरा सांगतलें हां!" आणि ती काकी खरोखर सांगायची. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची.

आजोबा ज्याला मोकळीक म्हणतात ती ही. ती फुकट मिळालेली नव्हती, सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, न सांगता राखण करत होता म्हणून ती परवडत होती. आई शेतात जाऊ शकत होती, कारण दहा घरांच्या दहा पडव्या रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या होत्या.

पण तेवढ्यावर थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. आमच्या वाड्यावर एका घराच्या बाजूने जायचं नाही, असं मोठ्या मुली लहान मुलींना सांगायच्या. का, ते कोणी सांगत नव्हतं. आम्हीही विचारत नव्हतो, फक्त लांबच्या वाटेने जायचो. आता कळतं की वाड्यातल्या बायकांना ते ठाऊक होतं, कदाचित त्यांच्या लहानपणापासून. वाड्याची नजर मुलांवर होती, मोठ्यांवर नव्हती. आंबा चोरला तर संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. त्या घरातल्या माणसाबद्दल चाळीस वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि ही नजर सगळ्या मुलांना सारखी नव्हती. डोंगरावरच्या धनगर-गवळी वस्तीतला मुलगा शाळेत यायचा. त्याला घरी पोचायला अंधार व्हायचा, पण त्याच्यासाठी पडवीतून हाक आल्याचं मला आठवत नाही. एका सधन घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी भांडी घासायला ठेवलेली होती, घाटावरून आणलेली. ती आमच्याच वयाची. आम्ही लगोरी खेळताना ती विहिरीवरून बघायची. ती कधी खेळायला का येत नाही, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. मला आज त्याचं फार वाईट वाटतं.

तेव्हाच्या मुलांना मोकळीक होती पण हक्क नव्हते, आणि आताच्या मुलांना हक्क आहेत पण मोकळीक उरली नाही. पालकसभेतले आजोबा पहिल्या अर्ध्याबद्दल बोलत होते, ती आई दुसऱ्या अर्ध्याबद्दल.

पडव्या रिकाम्या का झाल्या?

कोणी मुद्दाम काही मोडलं नाही. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ला झाली तेव्हा गोवा बहुतेक खेड्यांचाच होता. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. जी मुलं गुरांमागे होती ती पाटीवर अक्षरं गिरवू लागली. ही फार मोठी गोष्ट झाली, माझी आई त्यातलीच. शिकलेल्या मुलांनी पगाराच्या नोकऱ्या धरल्या. खाणी, बंदर, पर्यटन, आखात, बोट. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. शेत पडीक पडलं, तशी शेतात दिसणारी काकीही दिसेनाशी झाली. ती आता वेर्ण्याला कारखान्यात जाते, नाहीतर पणजीला दुकानात, आणि तिने जायलाच हवं.

दुसरं कारण, मुलंच कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ आला, म्हणजे सरासरी एका बाईला आयुष्यात दीडही मूल नाही. देशाचा आकडा २.० आहे. यात दु:ख करण्यासारखं काही नाही. बायका शिकल्या, जन्मलेली मुलं जगू लागली, म्हणून घरं लहान झाली. पण त्याचा परिणाम मुलांच्या रोजच्या जगण्यावर होतो. सात-आठ जणांची टोळी जमायला वाड्यावर सात-आठ मुलं हवीत. आणि घरात एकच मूल असलं की आईबापांची सगळी आशा आणि सगळी धास्ती त्या एका जिवावर येते.

तिसरं कारण रस्ता. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला आली आहे. पूर्वी आमचा शाळेचा रस्ता म्हणजे दीड तासाचा खेळ होता, वाटेत जांभळं, भांडणं, समेट. आता अनुदानित शाळांची मुलं बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसतात. बालरथ ही लांबच्या गावांतल्या, विशेषतः मुलींसाठी, मोठी सोय आहे आणि ती बंद व्हावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण ज्या रस्त्यावर मूल मोठ्यांच्या नजरेआड, तरीही राखणीत असायचं, तो रस्ता त्याच्या दिवसातून निघून गेला. आता ते घराच्या दारातून शाळेच्या दारात जातं आणि परत येतं. मोठ्यांशिवाय एक तासही त्याच्या वाट्याला येत नाही.

कायदा का आला?

वाडा ज्या ठिकाणी गप्प बसला, तिथे कायद्याला बोलावं लागलं. १९९१ साली मडगावात, निराधार मुलांना आश्रय देण्याच्या नावाखाली चालवलेल्या एका घरातून मुलांच्या लैंगिक शोषणाचं भयंकर प्रकरण बाहेर आलं. १९९६ साली आरोपीला जन्मठेप झाली. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे हे वर्षानुवर्षं चाललं, याचा गोव्याला धक्का बसला. पर्यटन वाढत होतं, किनाऱ्यावर फिरती मुलं होती आणि त्यांच्यावर टपलेली माणसंही होती. त्यातून २००३ चा गोवा बाल कायदा आला, देशाच्या पॉक्सोच्या नऊ वर्षं आधी.

त्यातल्या तरतुदी वाचल्या की कळतं, लिहिणाऱ्यांनी गोव्याकडे डोळे उघडून पाहिलं होतं. नातेवाइकांबरोबर नोंद झाल्याशिवाय मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. फोटो धुणाऱ्याला मुलांची अश्लील छायाचित्रं आढळली तर त्याने पोलिसांना कळवायचं. मुलांसाठी वेगळं न्यायालय. शाळेत मारायला बंदी. म्हणजे पडवीतल्या काकीचं काम कायद्याने हॉटेलवाला, फोटोवाला आणि शिक्षक यांच्यावर सोपवलं, आणि या वेळी नजर मोठ्यांवर वळवली.

पॉक्सो आणखी पुढे गेला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हाच गुन्हा. आमच्या वाड्यातल्या त्या घराबद्दल आज असं गप्प राहता येणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मी दर वर्षी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात मुलांकडून पाठ करून घेते, पाढ्यांच्या आधी.

आता त्या बाबांच्या तक्रारीकडे येते, ओरडायचीही चोरी झाली म्हणणाऱ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. पण 'थांब, रस्त्यात धावू नको' असं दरडावून सांगणं हा छळ नव्हे. वर्गासमोर 'तुझ्या बापालाही हेच जमलं नाही' असं म्हणणं हा छळ आहे. फरक आवाजाचा नाही, अपमानाचा आहे. गोव्यातल्याच एका प्रकरणात, मुलाला दप्तराने मारल्याच्या आरोपावर, २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखादा साधा, एकवेळचा फटका म्हणजे बाल कायद्यातला 'बाल अत्याचार' होत नाही. त्यासाठी क्रूरपणा, शोषण किंवा जाणूनबुजून केलेला छळ दिसायला हवा. म्हणजे कायदा दिसेल त्याला तुरुंगात टाकायला बसलेला नाही. पण एवढ्याचा आधार घेऊन कोणी पुन्हा छडी उचलू नये, ही माझी कळकळ आहे. मी स्वतः छडी खाल्ली आहे. चौथीत गणित चुकलं म्हणून तळहातावर वळ उठले, आणि मी गणित नाही शिकले, हात मागे लपवायला शिकले.

मुलांच्या कामाबद्दलही असंच समजून घ्यायला हवं. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला आणि हॉटेल-ढाब्यांवर ठेवायला बंदी आहे. विहिरीवरच्या त्या मुलीसाठी हे वीस वर्षं उशिरा आलं. २०१६ च्या दुरुस्तीने मात्र शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत स्वतःच्या घरच्या कामात मदत करायला मुभा ठेवली, काम धोक्याचं नसेल तर. एप्रिलमध्ये आजोबांबरोबर काजूच्या बिया वेचणारं मूल बालमजूर नाही. ते बोंडू पिळताना बघतं, त्याचा गोड रस, नीरो, पितं, हाताला चीक लागला की रडतं आणि पुढच्या वेळी पान धरून बी काढतं. तेच मूल पहाटेपासून वेचायला बसवलं आणि शाळा बुडाली, तर मात्र चित्र पालटतं.

न संपणारा खेळ

मोबाइलवर आपण सगळ्यात जास्त बोलतो आणि सगळ्यात कमी समजून घेतो. लगोरी कशी संपायची? तिन्हीसांजा झाल्या, चेंडू दिसेना, कोणाची तरी आई हाक मारू लागली, किंवा ज्याची पाळी तो चिडून घरी गेला. आमच्या सगळ्या खेळांना शेवट होता आणि तो आम्ही ठरवलेला नसायचा. मोबाइलवरच्या रील्सना शेवट नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं. पुढचं कसं निघेल ते आधी कळत नाही, दहातलं एखादंच मजेशीर निघतं, आणि त्या एकाच्या आशेवर बोट सरकत राहतं. जत्रेतल्या जुगाराच्या पटावर माणूस का बसून राहतो, तसंच हे. मूल किती वेळ थांबलं यावर कंपनीची कमाई ठरते. सात वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावं अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याला एका बाजूला बसवून दुसऱ्या बाजूला अख्खा कारखाना बसवणं.

पण मोबाइल मुलांच्या हातात दिला कोणी? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षकांनीच पालकांना सांगितलं, मोबाइल घ्या, वर्ग त्यावर होतील. सत्तरीतली मुलं रेंजसाठी डोंगर चढून दगडावर बसून शिकली. कर्ज काढून घेतलेला तो मोबाइल शाळा उघडल्यावर घरातच राहिला. तेव्हा आता पालकांना दोष देताना माझी जीभ अडखळते. शिवाय आईबाप दोघं कामावर, अंगण नाही, रस्ता भरधाव. त्या घरात मोबाइल हीच पडवीतली काकी झाली आहे. मूल कुठे आहे ते कळतं, गप्प आहे ते कळतं.

कायदा इथेही हळूहळू सरकतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई, अशा तरतुदी आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवू द्यायचं नाही असं ठरवलं आणि ती जबाबदारी कंपन्यांवर टाकली, मुलांवर किंवा आईबापांवर नाही. बंदी पाळली जाईल का, मुलं चोरवाटा काढतील का, हे प्रश्न रास्त आहेत. पण जबाबदारी कोणाची हे त्यांनी बरोबर ओळखलं असं मला वाटतं. संध्याकाळी मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेणं सोपं आहे. त्या रिकाम्या हातात काय द्यायचं, हे मात्र एका घराला एकट्याने जमत नाही.

पाऊस, पावस, मळे

माध्यमाचा वाद गोव्याला नवा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. १९९० साली प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी हवं असं ठरलं. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला आणि रस्त्यावर आंदोलन उभं राहिलं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेत शिकवा.

का, ते माझ्या वर्गात एका दिवसात कळलं. पहिलीला पावसाचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? एक मुलगी म्हणाली, "पावस." घरात कोकणी, म्हणून पावस. पुस्तकात पाऊस. गवंड्याचा मुलगा, घरात कन्नड, तो म्हणाला, "मळे." सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला, चित्रात मळा कुठे आहे, एकही झाड नाही! तो रडकुंडीला आला. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊसच. त्याचं उत्तर बरोबर होतं, फक्त ते आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं. मी फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले, शेजारी पावसाच्या तीन रेघा काढल्या. तेव्हा तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लिहायला तोच सगळ्यांच्या आधी शिकला.

वाचायला शिकणं म्हणजे अक्षराचा आवाज काढून तो ओळखीच्या शब्दाला नेऊन जोडणं. शब्दच ओळखीचा नसेल तर मूल आवाज काढतं आणि पुढे काही घडत नाही. इंग्रजी हवीच, कोणत्या आईला ती नको असेल? पण घरच्या भाषेत वाचनाची गुरुकिल्ली हाताला लागली की ती दुसऱ्या कुलुपालाही चालते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे ६६ टक्के, मराठी जवळपास ११, हिंदी १०, कन्नड साडेचार टक्क्यांच्या वर. मराठी आणि कोकणीच्या भांडणात आपण तो गवंड्याचा मुलगा कुठे बसवायचा हे विसरूनच गेलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ते काम मला अशा वेळी आठवतं. अंगणवाडी या शब्दातच ते आहे.

शेवटचा अर्धा किलोमीटर

त्या सभेनंतर पंधरा दिवसांनी तीच माणसं पुन्हा जमली, आठ-दहा जण. मोबाइलबद्दल कोणी बोललं नाही. एका आईने साधी गोष्ट काढली: शाळेआधी अर्धा किलोमीटरवर वडाकडे मुलांना सोडायचं, तिथून मुलांनी टोळीने चालत यायचं. रस्ता ओलांडायच्या जागी एक मोठं माणूस उभं राहील. आजोबांनी सोमवार आणि गुरुवार घेतले. बाकीचे दिवस दोन आज्यांनी. गवंड्याच्या बायकोने शनिवार मागून घेतला, काम अर्ध्या दिवसाचं असतं म्हणून. पंचायतीकडे त्या तिठ्यावर गतिरोधक मागितला आहे, अर्ज दिला आहे.

एक अट त्या तरुण आईने घातली आणि ती मला फार महत्त्वाची वाटली. जो कोणी मोठा तिथे उभा राहील त्याचंही नाव शाळेत लिहिलेलं असेल, आणि कोणतंही मूल कोणाही मोठ्याबद्दल काही सांगेल तर ते आधी खरं धरून ऐकायचं. आजोबा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "लिही माझं नाव पहिलं."

पहिल्या आठवड्यात मुलं रोज दहा मिनिटं उशिरा आली. मुंग्यांची रांग, मेलेला साप, कोणाची चप्पल चिखलात. मी हजेरी दहा मिनिटं पुढे ढकलली. श्रावण लागला आणि एका सकाळी तोच कन्नड बोलणारा मुलगा खिशातून चार हिरव्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. "टीचर, हें किदें?" मी हातात घेऊन बघितल्या, एक हलवून कानाशी नेली. घागऱ्यांसारखी दिसत होती, पण पान वेगळं होतं. मलाही ओळखता येईना. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं त्या शेंगा घेऊन तिठ्यावरच्या आजींकडे गेलो.